घ्यायच्या आधी फिरवून बघा

गणपतीची मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असते तेव्हा घरात काय ऐकू येतं? धप्प, धप्प, धप्प. गाणं कोणतं ते कळत नाही, गाणारी बाई आहे की बुवा तेही कळत नाही, नुसत्या खिडकीच्या काचा थरथरतात. मग डॉल्बीची गाडी कोपऱ्यावरून वळते आणि एकदम सगळं उघडतं: झांजा, शिट्ट्या, शब्द. (त्या नावाच्या अमेरिकन कंपनीचा या गाडीशी काही संबंध नाही, पण आपल्याकडे भिंतीएवढे स्पीकर म्हणजे डॉल्बी, त्याला कोण काय करणार.) गाणं आधीपासून तेच होतं. मधल्या घरांच्या भिंतींनी वरचे स्वर खाल्ले होते आणि खालचे सोडले होते. इलेक्ट्रॉनिक संगीतातला लो-पास फिल्टर नेमकं हेच करतो. ड्रॉपच्या, म्हणजे ठेका दणक्यात सुरू होतो त्या क्षणाच्या, आधी आवाज पाण्याखालून वर आल्यासारखा वाटतो ना, ती आपली कोपऱ्यावरून वळणारी गाडीच.

हे काम करणारी प्लगिन, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, आज शेकड्याने मिळतात. मीही काही वर्षांपूर्वी एका सेलमध्ये अकरा फिल्टरांचा संच घेतला होता. त्यातले आज दोन वापरतो. उरलेले नऊ वाईट होते असं नाही. माझ्याकडे आधीच असलेल्या फिल्टरची ती वेगळ्या रंगाची खोकी होती, एवढंच. घेताना मी स्क्रीनवरचं चित्र पाहिलं, आलेख पाहिला, कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला. नॉब फिरवून काही ऐकलं नाही. आता माझं मत असं झालंय की जागच्या जागी उभे असताना बहुतेक फिल्टर भाऊभाऊ असतात. फरक कळतो तो त्यांना फिरवलं की आणि रेटलं की. असं का, हे एकदा समजलं की निवड निम्म्याने सोपी होते.

कापणं म्हणजे काय

कुठलाही भरघोस सूर एकटा येत नाही. ५५ हर्ट्झचा सॉ-टूथ (करवतीच्या दात्यांसारख्या लाटेचा) बास वाजवला की त्याच्या मागोमाग ११०, १६५, २२० असे वरचे स्वर ओळीने येतात, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा दबलेला. फिल्टर त्यातले काही काढून टाकतो. लो-पास खालचे जाऊ देतो, हाय-पास वरचे, बँड-पास मधला पट्टा ठेवतो, नॉच मधलाच पट्टा खणून काढतो. कापणं जिथून सुरू होतं तो कटऑफ. नवशिक्यांच्या नजरेतून एक गोष्ट हमखास सुटते: असेल तेच काढता येतं. शुद्ध साइन वेव्हच्या सब-बासवर कितीही महागाचा फिल्टर लावा, आवाज लहानमोठा होण्यापलीकडे फारसं काही होणार नाही, कारण काढायला वर काही नाहीच. ‘फिल्टर काम करत नाही’ असं वाटलं की आधी सिंथमधला, म्हणजे सूर तयार करणाऱ्या यंत्रातला, लाटेचा आकार बदलून बघावा.

कापणं किती कडक, ते डेसिबल प्रति सप्तक या मापात सांगतात. सप्तक आपल्या ओळखीचंच, वारंवारिता दुप्पट झाली की एक सप्तक चढलं. कटऑफ १,००० हर्ट्झवर असेल तर १२ डेसिबलचा फिल्टर २,००० हर्ट्झच्या स्वराचा जोर साधारण चौथ्या हिश्शावर आणतो आणि २४ डेसिबलचा सोळाव्या हिश्शावर. कानाला हे असं लागतं की १२ वाला दार किलकिलं ठेवतो, २४ वाला लावून घेतो. पॅड, व्होकल किंवा अख्खा डिस्को लूप फिरवायचा तर मला १२ आवडतो; बासची मूठ आवळायची तर २४. ४८ आणि ९६ चेही पर्याय मिळतात. साफसफाईला ते ठीक, पण त्यांनी स्वीप केला, म्हणजे कटऑफ सरकवत नेला, तर संगीतापेक्षा शस्त्रक्रिया ऐकल्यासारखं वाटतं.

दुसरा मोठा नॉब रेझोनन्सचा. झोपाळ्यावरच्या पोराला बरोबर वेळेवर हलकासा धक्का देत राहिलं की झोका वाढत जातो, तसा फिल्टर स्वतःचाच आवाज परत स्वतःत सोडून कटऑफपाशी एक उंचवटा तयार करतो. तो उंचवटा फिरला की आपल्याला चक्क स्वर बोलल्यासारखे ऐकू येतात. करून बघा: एकच पट्टी धरून ‘आ’ म्हणा आणि हळूहळू ओठ आवळत ‘ऊ’ वर या. गळा तोच सूर देतोय, तोंडाच्या पोकळीने उंचवटे हलवले. सिंथवरच्या ‘वाँव वाँव’ मागे हीच युक्ती आहे. रेझोनन्स फारच वाढवला तर काही फिल्टर आत काही न वाजवताच स्वतःची शिट्टी मारायला लागतात, आणि काही कधीच लागत नाहीत. इथून घराणी सुरू होतात.

शिडी, किंकाळी आणि रबर

सिंथ बनवणारे रॉबर्ट मूग यांना १९६९ मध्ये ज्या फिल्टरचं पेटंट मिळालं त्याला शिडी म्हणतात, कारण आकृतीत ट्रान्झिस्टरच्या जोड्या पायऱ्यांसारख्या एकीवर एक रचलेल्या दिसतात. पायऱ्या चार, प्रत्येक ६ डेसिबलची, मिळून २४. आता यातली गंमत बघा. प्रत्येक पायरी कटऑफपाशी लाटेला ४५ अंश मागे ढकलते. चार पायऱ्यांचे झाले १८० अंश, म्हणजे लाट पूर्ण उलटी. शेवटी निघालेला हा आवाज आणखी एकदा उलटा करून सुरुवातीला परत सोडतात. कटऑफपाशी उलट्याचं उलट होऊन तो सुलट येतो, मूळ आवाजात मिळतो आणि वाढतो. हा झाला रेझोनन्स. पण खाली खर्जात पायऱ्यांनी लाटेला मागे ढकललेलंच नसतं. तिथे उलटा केलेला आवाज उलटाच पोहोचतो आणि मूळ आवाजाला खातो. म्हणून मूगच्या घराण्यात शिट्टी वर आली की बास खाली बसतो. गणित मांडलं तर फिल्टर आपोआप शिट्टी मारायला लागतो त्या टोकाला खर्ज मूळच्या पाचव्या हिश्शावर, म्हणजे सुमारे १४ डेसिबल खाली आलेला असतो.

हे वाचून तो दोष वाटेल. पण मूग यांच्या मिनीमूग सिंथवरचा लीड, म्हणजे मुख्य चाल, मिक्समध्ये किक ड्रमच्या अंगावर का येत नाही, त्याचं थोडं श्रेय या बसलेल्या बासलाही आहे. काही प्लगिन हा पडलेला खर्ज भरून काढतात, काही मुद्दाम तसाच ठेवतात, काही तुमच्यावर सोडतात. डेमो हातात आला की मी पहिल्यांदा हेच ऐकतो: ५५ हर्ट्झचा सॉ लावायचा, कटऑफ अर्ध्यावर ठेवायचा आणि रेझोनन्स शून्यापासून वर न्यायचा. बास कुठे जातो ते ऐकायचं. ट्रॅकचा कणा त्याच बासवर उभा असेल तर भरून काढणारा घ्या.

ओबरहाइमच्या १९७४ च्या एसईएम या सिंथमधला फिल्टर १२ डेसिबलचा आणि स्वभावाने शांत. तो स्वतःहून शिट्टी मारत नाही, आणि एकच नॉब लो-पासकडून नॉचमधून हाय-पासकडे नेतो. पॅडसाठी याच्यासारखा गुणी गडी नाही. कॉर्गचा १९७८ चा एमएस-२० हा सिंथ याच्या अगदी उलट. रेझोनन्स वाढवला की तो किंचाळतो, पण त्याच्या उलट्या वाटेत बसवलेले डायोड त्याला लगाम घालतात, त्यामुळे आत येणारा आवाज मोठा झाला की किंकाळी दबते आणि आवाज ओसरला की पुन्हा डोकं वर काढते. ड्रम लूपवर हा लावला तर प्रत्येक ठोक्यानंतर मागून कुणीतरी ओरडतंय असं वाटतं. मला हा प्रकार फार प्रिय आहे, शेजाऱ्यांना नाही.

आणि मग रोलंडचं टीबी-३०३. तादाओ किकुमोतो यांनी रचलेलं हे छोटंसं यंत्र १९८१ मध्ये आलं. एकट्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी हा त्यामागचा हेतू. बास गिटारसारखं ते मुळीच वाजत नव्हतं, १९८४ मध्ये उत्पादन बंद पडलं आणि यंत्रं जुन्या बाजारात आली. तिथून ती शिकागोच्या पोरांच्या हाती लागली आणि १९८७ मध्ये फ्यूचर या चमूच्या ध्वनिमुद्रिकेतून ॲसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार जगापुढे आला. त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी याच यंत्रावर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथ जोडीला घेऊन, दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते. तेव्हा त्या ध्वनिमुद्रिकेकडे कुणी फारसं वळून पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली आणि जगभरचे डीजे चाट पडले. ३०३ चा फिल्टरही शिडीच आहे, पण डायोडची, आणि तिच्या पायऱ्या एकमेकींपासून नीट सुट्या केलेल्या नाहीत. एक हलली की दुसरी हलते. त्यामुळे तो शिट्टीपर्यंत पोहोचत नाही, नुसता रबरासारखा ताणला जातो. मींडेवर तो जो चिकट ‘च्याँव’ करतो, तो मूगच्या शिडीवर कितीही घासाघीस केली तरी येत नाही. ॲसिड करायचं असेल तर डायोड शिडी असलेलंच प्लगिन बघा, उगाच पर्याय शोधू नका.

रेटणं, किंवा जवारी

फिल्टर फक्त काढतो असं मी वर म्हटलं. ते कागदावरच्या फिल्टरबद्दल खरं आहे. खऱ्या यंत्रात ट्रान्झिस्टर असतात आणि त्यांना सोसवेल त्यापेक्षा मोठा आवाज दिला की लाटेचे माथे चेपले जातात. माथा चेपला की नवे वरचे स्वर जन्माला येतात. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढतात तेव्हा घोडीच्या किंचित गोलाव्यावर तार घासून वरचे स्वर उमलवण्याचाच उद्योग चालतो. नुसत्या छेडलेल्या तारेत जे स्वर नसायला हवेत तेही तंबोऱ्यात ऐकू येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच दाखवून दिलं होतं. प्लगिनवर ‘ड्राइव्ह’ लिहिलेला नॉब दिसतो तो या जवारीचा.

म्हणून दोन फिल्टर आवाज हळू असताना जुळे वाटतात आणि जोरात दिला की एक गुरगुरतो, दुसरा फाटतो. पण संगणकात या जवारीची एक वेगळी किंमत मोजावी लागते. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन चालणाऱ्या प्रकल्पात त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे २२,०५० हर्ट्झच्या, वर काही मावत नाही. वर गेलेला स्वर नाहीसा होत नाही, भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखा खाली परत येतो. ९,००० हर्ट्झचा सूर रेटला आणि त्याचा पाचवा स्वर ४५,००० वर जन्मला, तर तो ऐकू येतो ९०० हर्ट्झवर. कानाच्या अगदी मधोमध, आणि मूळ सुराशी काडीचं नातं नसलेला. हायहॅटवर ड्राइव्ह चढवल्यावर काचेचे तुकडे घासल्यासारखं का होतं, त्याचं हे एक कारण.

यावरचा उपाय ओव्हरसॅम्पलिंग. प्लगिन आतल्या आत चौपट किंवा आठपट वेगाने काम करतं, भिंत तेवढी लांब सरकते, आणि वर जन्मलेलं बरंचसं परत येण्याआधीच गाळून टाकता येतं. किंमत पडते प्रोसेसरवर. त्यामुळे ओव्हरसॅम्पलिंग चालू-बंद करायची सोय असलेलं प्लगिन मी जास्त पसंत करतो: गाणं रचताना बंद, शेवटी फाइल काढताना चालू. तपासायला एक साइन वेव्ह घ्या, ड्राइव्ह चढवा आणि साइन हळूहळू वर सरकवा. सूर वर चढत असताना मागे काहीतरी खाली उतरताना ऐकू आलं, तर चेंडू परत येतोय.

फिरवणं

जुन्या डिजिटल फिल्टरमध्ये परत सोडलेला आवाज एक नमुना उशिरा पोहोचायचा. एक नमुना म्हणजे सेकंदाचा ४४,१०० वा हिस्सा. एवढ्याने काय होतंय असं वाटेल. खर्जात काहीच होत नाही. पण कटऑफ ८–१० हजारांवर गेला की एका अख्ख्या लाटेतच चार-पाच नमुने असतात, आणि झोपाळ्याला धक्का चुकीच्या वेळी बसायला लागतो. शिट्टी बेसूर होते, आवाज पातळ होतो, कधी फिल्टर चक्क फुटतो. हा उशीर गणितानेच सोडवून टाकायच्या पद्धतीला झीरो डिले फीडबॅक म्हणतात. बर्लिनच्या यू-ही कंपनीचा दिवा हा सिंथ २०११ मध्ये आला तेव्हा या पद्धतीची चर्चा घरोघरच्या स्टुडिओंत पोहोचली, आणि तो प्रोसेसर किती खातो याचीही. आज चांगल्या प्लगिनमध्ये ही पद्धत गृहीत धरायला हरकत नाही. तरीही पेटीवर लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, रेझोनन्स चढवून कटऑफ वरच्या टोकापर्यंत नेऊन ऐका.

दुसरी भानगड पायऱ्यांची. संगणकाला जोडलेल्या मिडी कंट्रोलरचा साधा नॉब ० ते १२७ एवढेच आकडे पाठवतो. २० ते २०,००० हर्ट्झ म्हणजे सुमारे दहा सप्तकं, १२० अर्धस्वर. म्हणजे नॉबचा एक टप्पा जवळपास एका अर्धस्वराची उडी! रेझोनन्स जास्त असेल तर स्वीपऐवजी जिना चढल्यासारखा आवाज येतो. चांगलं प्लगिन या उड्या गुळगुळीत करतं. काही इतकं गुळगुळीत करतं की झटक्याने फिरवलं तरी मागून रमतगमत येतं, आणि मग वेगवान एलएफओ (नॉब आपोआप वरखाली हलवणारी लाट) लावला की ठेक्याची धार जाते. मी दोन्ही ऐकतो: नॉब अगदी सावकाश, आणि मग एका मात्रेत चारदा उघडझाप करणारा चौकोनी एलएफओ.

मग घ्यायचं काय

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: फिल्टर प्रत्येक स्वरावर वेगळा उघडायला हवा की सगळ्या आवाजावर एकच? तुम्ही चार सुरांचा कॉर्ड वाजवला आणि प्रत्येक सुराचा फिल्टर आपापल्या वेळी मिटायला हवा असेल, तर ट्रॅकवर लावलेलं प्लगिन ते करू शकत नाही. त्याच्यापर्यंत चारही सूर एकत्र मळलेले येतात. ते काम सिंथच्या आतल्या फिल्टरचं. कित्येक जण इथे चुकीच्या दुकानात शिरतात. त्यांना हवा असतो चांगला सिंथ आणि ते घेऊन येतात फिल्टर.

दुसरं, जे घरात आहे ते नीट बघा. एबलटन लाइव्ह या गाणं रचायच्या सॉफ्टवेअरच्या ऑटो फिल्टरमध्ये २०१५ सालच्या ९.५ आवृत्तीपासून सायटॉमिक या कंपनीने बनवलेले ॲनालॉग धाटणीचे सर्किट आहेत. एमएस२ नावाचा पर्याय एमएस-२० च्या घराण्यातला, पीआरडी शिडीच्या. कित्येक जण वर्षानुवर्षं साध्या, स्वच्छ पर्यायावरच बसून असतात आणि बाहेर जाऊन तेच विकत घेतात. एफएल स्टुडिओतल्या फ्रूटी लव्ह फिल्टरमध्ये आठ फिल्टर एकमेकांना जोडता येतात. दिसायला किचकट आहे, पण एक रविवार दिला तर वर्षभर पुरतो. फुकटात टीएएलचा फिल्टर-२ आहे, ठेक्याला बांधून आवाज आणि कटऑफ हलवायला सुटसुटीत. सर्ज एक्सटी हा मुक्त स्रोत सिंथ तर फिल्टरांचं संग्रहालयच आहे.

पैसे मोजायचे असतील तर मी दोन वेगळे स्वभाव घेईन, एकाच स्वभावाचे दोन नाही. आवाज रंगवणाऱ्यांत सायटॉमिकचं द ड्रॉप किंवा साउंडटॉइजचं फिल्टरफ्रीक. आणि हालचाल ज्यात मध्यवर्ती आहे असं एक, उदाहरणार्थ ॲमस्टरडॅमच्या फॅबफिल्टरचं व्होल्केनो. त्यात चार फिल्टर आहेत आणि एलएफओ, एन्व्हलप वगैरे नॉब हलवणाऱ्या गोष्टी ओढून कुठेही जोडता येतात. तीस दिवस फुकट वापरूनही बघता येतं. नुसती घाण काढायची असेल, म्हणजे व्होकलखालची घरघर वगैरे, तर त्यासाठी काही घेऊ नका. कोणत्याही डीएडब्ल्यूचा, म्हणजे गाणं रचायच्या सॉफ्टवेअरचा, इक्वलायझर ते निमूटपणे करतो. काही इक्वलायझरांत लिनिअर फेज नावाचा मोड असतो, तो किक ड्रमवर मात्र जपून वापरा. ठोक्याच्या आधीच एक पुसटशी चाहूल ऐकू येते आणि वर आवाज उशिरा येतो तो वेगळाच.

पैसे देण्याआधी आपल्या संगणकाला चालणारा प्लगिनचा प्रकार आहे ना, व्हीएसटी-३ की ऑडिओ युनिट, आणि परवान्यासाठी आणखी एखादं सॉफ्टवेअर बसवावं लागतं का, एवढं बघून घ्या.

मग डेमो स्वतःच्या अर्धवट गाण्यावर लावा. कंपनीच्या तयार प्रीसेटवर सगळंच छान वाजतं. त्या प्रीसेटसाठी वेगळा माणूस बसवलेला असतो. दोन फिल्टरांची तुलना करताना दोघांचा आवाज मीटर बघून एकाच पातळीवर आणा, कारण अर्धा-एक डेसिबल मोठा असलेला नेहमीच ‘जास्त उबदार’ वाटतो. दोन्ही एकाच ट्रॅकवर ठेवा, डोळे मिटून बायपासचं बटण पाच-सहा वेळा दाबा, कोणता चालू आहे ते विसरून जा, आणि मग ऐका. माझ्या त्या अकरांपैकी सात या परीक्षेत माझ्या डीएडब्ल्यूमधल्या फुकटच्या फिल्टरपासून मला वेगळे ओळखता आले नाहीत. आणखी दोन ओळखता आले, पण आवडला तो फुकटचाच.